आई-बाबांना कोल्हापुरात काय दाखवू?

नागपूरहून नोकरीसाठी कोल्हापुरात आलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: ‘मला इथे येऊन सहा महिने झाले. ३० जानेवारीला आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत, ३ फेब्रुवारीला परत जातील. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, जुन्या इमारतींचं त्यांना फार वेड. आई शाकाहारी, आणि तिचे गुडघे दुखतात. ऑफिसमध्ये विचारलं तर सगळे म्हणतात, अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि मटण, संपलं कोल्हापूर. मी रंकाळ्यावर एकदा रविवारी संध्याकाळी गेले, गर्दीत जीव घुसमटला. एक चप्पलही घेतली, ती दोन महिन्यांत उसवली. तुम्ही इथलेच आहात. खरं सांगा, काय दाखवण्यासारखं आहे आणि काय टाळू?’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘संपलं कोल्हापूर’ या शब्दांनी वाईट वाटलं. असं म्हणणारी माणसं इथलीच असतात, ती रोज दसरा चौकातून गाडी दामटत जातात आणि बाजूला काय उभं आहे ते मान वळवून बघत नाहीत. माझा जन्म शिवाजी पेठेतला, सारं आयुष्य याच गावात गेलं. जे वाटतं ते सांगतो. एखादी गोष्ट पटली नाही तर सोडून द्या.

आधी एक आनंदाची गोष्ट. तुम्ही कळत-नकळत फार चांगल्या तारखा निवडल्यात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. देवी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. या तीन संध्याकाळी मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, मंडप ओलांडतं आणि गाभाऱ्यात पोचतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी अंगभर. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला पुन्हा हेच. हे ज्यांनी आखलं त्यांच्याकडे ना दुर्बीण होती ना संगणक. तुमच्या बाबांना एवढं सांगितलंत तरी ते तासभर आधी येऊन उभे राहतील.

पण खरं सांगायचं तर ती किरणं दरवेळी मूर्तीपर्यंत पोचत नाहीत. कधी ढग असतात, कधी हवेत धूळ. आणि महाद्वार रोडच्या बाजूला वाढलेली बांधकामं, पाण्याच्या टाक्या, फलक यांचा अडथळा हा तर वर्षानुवर्षांचा विषय आहे. ज्या गावानं आठशे-हजार वर्षं ती वाट मोकळी ठेवली त्याच गावानं ती दोन पिढ्यांत अडवली, याचा मला संताप येतो. तरी जा. आत शिरायची धडपड करू नका, आवारात पडद्यावर दाखवतात. घंटानाद सुरू होतो, हजार माणसं एकदम गप्प होतात, ते आईंना आवडेल.

दर्शनाचं म्हणाल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला मुख्य रांगेत उभं करू नका. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती लवकर सरकते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. पहाटे गेलात तर आणखी सोपं. आई दर्शन घेऊन पायरीवर टेकल्या की बाबांना घेऊन देवळाला बाहेरून फेरी मारा. लाखो लोक इथे येतात आणि बाहेरची भिंत न बघता जातात. कोनावर कोन काढत ती भिंत ताऱ्यासारखी फिरत जाते, आणि प्रत्येक वळणावर काळ्या दगडातली एखादी बाई उभी आहे: कुणी वाद्य वाजवतेय, कुणी नाचतेय. सकाळी नऊच्या सुमाराचं तिरपं ऊन पडलं की त्यांचे दागिने मोजता येतात. विजेच्या तारा, पत्रे, लोखंडी कठडे मध्ये मध्ये येतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. माझ्या मते गाभाऱ्यातल्या दोन क्षणांइतकीच ही फेरी मोलाची आहे.

आता बाबांच्या आवडीचा भाग. मला विचारलंत तर कोल्हापूरचं खरं वास्तुवैभव राजवाड्यात नाही. ते शाहू महाराजांनी साध्या माणसांसाठी बांधून घेतलेल्या किंवा उभ्या करून दिलेल्या इमारतींत आहे. म्हणून सुरुवात न्यू पॅलेसपासून न करता दसरा चौकातून करा. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं निघाली. मग मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचं बोर्डिंग. खेड्यातलं पोर शिकायला आलं तर त्यानं झोपायचं कुठे आणि जेवायचं कुठे, हा प्रश्न महाराजांनी दगड-विटांनी सोडवला. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगसमोर दोन मिनिटं थांबा. ही इमारत कुणी सहलीच्या यादीत लिहीत नाही. पण माझ्या वडिलांच्या पिढीतली किती माणसं असल्या बोर्डिंगांतून शिकून नोकरीला लागली, ते मी जवळून पाहिलंय.

तिथून चालत टाऊन हॉल. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्यानं आखलेली ही इमारत १८७६च्या सुमाराला पुरी झाली, आज तिथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. समोरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयही मँटचंच. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आजही तिथे रोज शेकडो रुग्ण तपासले जातात. टाऊन हॉलच्या संग्रहालयात शिरताना फार अपेक्षा ठेवू नका, मांडणी जुन्या वळणाची आहे. पण एक गोष्ट शोधून बघा: वीतभरही उंची नसलेली पितळेसारख्या धातूची एक मूर्ती. ती आहे पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात खोदकाम झालं, त्यात ही मूर्ती आणि रोमन धाटणीची भांडी निघाली. म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्या या नदीकाठचा माणूस समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांशी देवघेव करत होता. मी शाळेत असताना ती पहिल्यांदा बघितली. त्यानंतर पंचगंगेचा घाट मला कधी लहान वाटला नाही. तिथेच आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. त्यांनी हाच रंकाळा, हीच कोटितीर्थाची पाणथळ जागा रंगवलीय. रंकाळ्यावर जाण्याआधी ती चित्रं बघा असा माझा आग्रह आहे.

न्यू पॅलेस दाखवायचाच, फक्त बाहेरून जास्त आणि आतून कमी. हाही मँटचाच आराखडा. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मुळात त्याच्याच डोक्यातून निघाला. कोल्हापूरचा राजवाडा १८८४ साली पुरा झाला, पण मँट १८८१ लाच वारला, त्याला तो बघायला मिळाला नाही. घोटीव काळा दगड, मध्ये घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, जैन-हिंदू देवळांतल्या नक्षीशेजारी राजपुती कमानी: बाबा बाहेरच्या हिरवळीवर अर्धा तास रमतील. आत संग्रहालय आहे. शस्त्रं, पोशाख, जुनी छायाचित्रं चांगली आहेत. दरबार सभागृहाच्या रंगीत काचांवर शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, ते चुकवू नका. पण दालनामागून दालन शिकारीतली पेंढा भरलेली जनावरं बघून माझा जीव कासावीस होतो. तुमच्या आईंनाही ते आवडेलसं वाटत नाही, त्यांना बाहेर तळ्याकाठच्या हरणांपाशी बसवा. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा फोन करून विचारून घ्या.

आता खासबाग, आमचं कुस्तीचं मैदान. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. तिथल्या रक्तरंजित खेळांशी त्यांना काही घेणं नव्हतं. हजारो माणसांना एकाच वेळी मधोमध चाललेलं काही नीट दिसावं यासाठी बसायच्या जागेचा उतार कसा ठेवला आहे, ते त्यांनी टिपलं. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधे लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेला गोल उतार. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पकड कुणी घेतली ते कळतं. बाबांना वरच्या टोकाला उभं करा आणि तुम्ही खाली हौद्याजवळ जा. नजरेच्या रेषेचा हिशेब त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. लोकांच्या डोळ्यांना किंमत देऊन बांधलेली याहून चांगली जागा मला अख्ख्या महाराष्ट्रात माहीत नाही.

त्याला लागूनच पॅलेस थिएटर, १९१५ सालचं, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आमच्या पेठेतली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती, मीही त्यांत होतो. पहिलं नाटक मी तिथेच आईच्या मांडीवर बसून बघितलं. पुनर्बांधणी हाती घेतली आहे. आत जाता आलं नाही तरी समोर उभे राहा आणि आई-बाबांना सांगा की एका संस्थानिकानं कुस्ती आणि नाटक एकाच भिंतीला टेकून बांधलं. इथल्या माणसाला दोन्ही सारखंच लागतं.

तालीम बघायची असेल तर पहाटे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांपैकी कुठेही बाबांनी सहाच्या आत पोचावं. चप्पल बाहेर, वस्तादांना नमस्कार, विचारल्याशिवाय फोटो नको. ताई, तुम्ही आधी विचारून घ्या, कारण काही तालमींत बायकांना आत घेत नाहीत. मुली याच जिल्ह्यातून देशासाठी कुस्ती खेळताहेत आणि आपण असं वागतो, हे मला मान्य नाही.

रंकाळ्याबद्दल तुमचं जे झालं ते कुणाचंही होईल. रविवारी संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला भेळगाड्या, पाळणे, भोंगे. तो रंकाळा मला नकोच वाटतो. सकाळी साडेसहाला जा, तेही शालिनी पॅलेसच्या बाजूनं. फिरायला आलेली म्हातारी माणसं, पाण्यावर धुकं, आणि पाणी उतरलेलं असेल तर तळ्यातल्या संध्यामठाचे दगड वर आलेले. आईंना बसायला कट्टे भरपूर आहेत. सांडपाणी आणि जलपर्णी या तळ्याची दोन जुनी दुखणी आहेत. लोकांनी आंदोलनं केली, कामं झाली, पुन्हा पाणी हिरवं होतं. नाकाला वास आला तर आईंना खरं कारण सांगा, लपवू नका.

कणेरी मठाचं ग्रामजीवन दाखवणारं संग्रहालय मेहनतीनं केलंय, पण अर्धा दिवस जातो आणि चालणं फार. या खेपेला सोडा. जोतिबाही पायऱ्यांमुळे आईंना जड जाईल. एक पूर्ण दिवस मिळाला तर मात्र पन्हाळा की खिद्रापूर, यात मी खिद्रापूर म्हणेन. पन्हाळा मोठा आहेच, २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीतही आला. अंबरखान्याची धान्यकोठारं आणि तीन मजली अंधारबाव बाबांनी बघायला हवीत. पण तो वीस किलोमीटरवर आहे, तुम्ही इथेच राहता, कधीही जाल. खिद्रापूर साठेक किलोमीटर, कृष्णेकाठी, तिथे मुद्दाम वाट वाकडी करूनच जावं लागतं. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, आणि बरोबर त्याच्या खाली गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघितलं की खांबांच्या वर्तुळातून फक्त आकाश दिसतं. बांधकाम खात्यातल्या माणसाला याहून चांगली भेट कुठली देणार? जमीन सपाट आहे, आईंनाही झेपेल.

खाण्याचं. तुम्ही नागपूरच्या, सावजी खाऊन वाढलेल्या, तेव्हा बाबांना आधीच सांगून ठेवा की इथे घाम फुटला नाही म्हणून निराश व्हायचं नाही. कोल्हापुरी म्हणजे जाळ, हा समज बाहेरच्या हॉटेलांनी पसरवला. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी आमच्या कुठल्याही घरात शिजत नाही. आमच्या घरात असते ‘चटणी’, म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवायची. तिच्यात रंग ब्याडगीचा, तिखटपणा संकेश्वरी मिरचीचा, आणि खोबरं, तीळ, लसूण यांचा वास आधी येतो. तांबड्या रश्शाची परीक्षा जिभेला चटका बसण्यावर करू नका. पांढरा मागवा. मटणाचं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ, नारळाचं दूध. तो पातळ, पिता येण्यासारखा असला पाहिजे. पांढरा रस्सा काजूच्या ग्रेव्हीसारखा घट्ट आला तर पुढच्या वेळी त्या हॉटेलात जाऊ नका. झगमगाटी दारांपेक्षा पेठेतल्या खानावळी बऱ्या, जिथे वाटी रिकामी झाली की न विचारता भरतात.

मिसळीसाठी नावाजलेल्या जागांवर रांगा असतात. फडतरे, बावडा, खासबाग ही नावं तुम्ही ऐकली असतील, चवी तिन्ही वेगळ्या आणि तिन्ही खऱ्या. आईंना रांगेत उभं करायचं नसेल तर सकाळी आठच्या आत जा. कट वेगळा मागा, आणि पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस आले म्हणून दचकू नका, इथे तीच रीत. आईंसाठी अख्खा मसूर आणि भाकरी सांगा. पन्हाळ्याकडे गेलात तर झुणका-भाकर. दूध कट्टाही त्यांना दाखवा. गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात आणि तुमच्या समोर पेल्यात धार काढून देतात. बघायला हवंच, पण दूध कच्चं असतं, सवय नसलेल्या वयस्कर पोटानं ते पिऊ नये.

आता तुमची उसवलेली चप्पल. माझ्या मुलीचंही असंच झालं होतं. एका दुकानातून घेतलेल्या जोडाचा तळ पहिल्याच पावसात फुगला, आत पुठ्ठा निघाला. तेव्हापासून मी दुकानात चार गोष्टी करतो. चप्पल आडवी धरून तळाच्या कडेकडे बघायचं, चामड्याचे थर एकसारखे दिसले पाहिजेत, मधे फिकट पुठ्ठा किंवा फोम नको. शिवण चामड्याच्या वादीची हवी, खिळा नको. वास घ्यायचा: बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला मातकट वास असतो, रसायनाचा उग्र वास आला तर ठेवून द्यायची. आणि हातात वजन जाणवलं पाहिजे. पापाच्या तिकटीजवळच्या चप्पल लाईनीत फिरा, पण जमलं तर सुभाषनगरात कारागिरांकडे जा. तिथे घरातल्या बायका वेण्या विणताना दिसतील. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मिळून आठ जिल्ह्यांना. २०२५ साली मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडानं तशीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा इथे केवढा राग उसळला ते तुम्ही वाचलं असेल. त्या रागाचा फायदा कारागिराला व्हायचा तर आपण भाव करताना त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीवर घासाघीस करता कामा नये. घेतल्यावर रात्री तेलाचा हात द्या, पहिले आठ दिवस थोडी चावेल, आणि पावसाळ्यात कपाटात ठेवा.

आईंसाठी कोल्हापुरी साज घ्यायचा तर गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात जा. बाहेरून भरीव दिसणाऱ्या साजात लाख भरलेली असते. म्हणून एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन पावतीवर वेगवेगळं लिहून मागा. चांगला सराफ न मागता लिहून देतो.

जानेवारी म्हणजे गुऱ्हाळांचा हंगाम. ऊस कारखान्याला जाऊ लागला तशी गुऱ्हाळं कमी होत गेली, पण पन्हाळ्याच्या रस्त्याला अजून धूर दिसतो. विचारून आत जा. काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीच्या रसानं मळी वर येते, आणि गुळव्या नुसता फेस बघून काहील कधी उतरवायची ते सांगतो. गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका, तो रंग बहुतेक वेळा रसायनाचा असतो. मधासारखा तपकिरी घ्या.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा. ३० तारखेला आई-बाबांना घरी आणल्यावर चहा झाला की दोघांच्या पायांची मापं कागदावर काढा आणि दुसऱ्या दिवशी कारागिराकडे देऊन या. आईंच्या जोडाला अंगठा सैल आणि टाच थोडी रुंद ठेवायला सांगा, चालताना बरं पडेल. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुराहून दुपारी सुटते, म्हणजे ३ तारखेला सकाळी जाऊन दोन्ही जोड घालून बघायला, कुठे टोचत असेल तर तिथल्या तिथे ठोकून घ्यायला तुमच्या हातात पुरेसा वेळ आहे.